धोट्याला फटका मारणारी तरफ

भिवंडीत साध्या यंत्रमागाचा जो खडखडाट कानावर येतो, त्यात मोठा वाटा एका दांडक्याचा. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोट्याला फटका बसतो आणि तो उभ्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीत शिरतो.

हे दांडकं म्हणजे तिसऱ्या प्रकारची तरफ. एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला भार, ओढणारं बल दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. समजा, टेकूपासून २० सेंटिमीटरवर ओढ बसली आणि धोटा ६० सेंटिमीटरवर असला, तर धोट्यापर्यंत एक तृतीयांशच बल पोचतं. टोकाचा वेग मात्र तिप्पट होतो. म्हणजे यांत्रिक फायदा एकापेक्षा कमी! तरीही सौदा किफायतशीरच. जोर मोटर पुरवते, मागाला हवा असतो वेग.

टेम्पोत ताग्यांचे गठ्ठे चढवताना हिशेब उलटतो. हौदा १ मीटर उंच आणि लावलेली फळी ३ मीटर लांब असेल, तर ६० किलोचा गठ्ठा २० किलो उचलण्याइतक्या जोरात वर जातो. अंतर तिप्पट, काम तेवढंच. पण हमालाच्या कमरेला हा फरक फार मोठा असतो.

घर्षण धरलं तर जोर आणखी लागतो, म्हणून गठ्ठा फळीवरून घासत नेण्यापेक्षा चाकांच्या ढकलगाडीवर नेणं सोपं पडतं.