निघेल अशी फळी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी डिकी उघडली आणि तळाची फळी उचलायला गेलो, तर तिचा नुसता कोपरा हातात आला. बाकीची फळी जागेवरच राहिली. हार्डबोर्ड पाणी पिऊन फुगला होता आणि पापुद्रे सुटत होते. तुकडे गोळा करून बाजूला ठेवले, स्टेपनी वर काढली, तर तिच्या खळग्यात बोटभर पाणी साचलेलं.

गाडी ट्रायम्फ हेरल्ड १३/६०, १९६९ ची, कापडी टपाची. मी कॉव्हेंट्रीत राहतो आणि ही गाडी याच शहरातल्या कॅन्लीच्या कारखान्यात जन्मली. पण मी ती घेतली त्याचं कारण पुण्यात आहे. मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून हीच गाडी स्टँडर्ड हेरल्ड या नावाने निघू लागली; पुढे तिला चार दारंही आली, जी इंग्लंडातल्या हेरल्डला कधीच नव्हती. पुण्यातल्या माझ्या मामाकडे दोन दारांची होती. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात, भर पावसात ती पंक्चर झाली. सामान उतरवलं, डिकी रिकामी केली, आणि मामा थबकला. आदल्याच महिन्यात एका कारागिराने डिकीला नवं रेक्झिन लावून दिलं होतं आणि फळी वाजू नये म्हणून ती सहा स्क्रूंनी खाली पत्र्याला आवळून टाकली होती. स्क्रूड्रायव्हर घरी. स्टेपनी फळीखाली, हातभर अंतरावर, आणि आम्ही तासभर रस्त्याच्या कडेला एखादा ट्रकवाला थांबेल म्हणून उभे. मामी माझ्या डोक्यावर टॉवेल धरून होती, एवढं स्पष्ट आठवतं.

म्हणून नवी फळी करायला घेतली तेव्हा एकच अट ठरवली. ती बसली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती निघाली पाहिजे.

हेरल्ड ही गाडीच मुळात निघणाऱ्या भागांची आहे. १९५९ मध्ये ती बाजारात आली तेव्हा बहुतेक उत्पादक एकसंध पत्र्याच्या बॉडीकडे वळले होते. स्टँडर्ड-ट्रायम्फला तशी बॉडी करून देणारं कुणी मिळेना, म्हणून त्यांनी स्वतंत्र चासी ठेवली आणि बॉडीचे वेगवेगळे भाग बोल्टांनी तिच्यावर बसवले. मिकेलॉटी या इटालियन आरेखकाने तिला रूप दिलं. सलूनचा टपसुद्धा बोल्टांवर असल्यामुळे कापडी टपाची आवृत्ती काढणं सोपं गेलं. ती १९६० मध्ये आली. पुढचं अख्खं बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. अशा गाडीत एखादी वस्तू कायमची चिकटवून टाकणं म्हणजे तिचा स्वभाव मोडणं.

पहिलं काम पाण्याचं. कापडी टपाच्या गाडीत पाणी नेमकं कुठून आलं ते एका दिवसात कळत नाही. ओला टप तसाच मागे घडी घातला की पाणी सीटमागून डिकीत झिरपतं. डिकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की तिथूनही येतं. मी रबर बदललं, खळगा कोरडा केला, तारेच्या ब्रशने गंज घासला, गंजरोधक लावला, प्रायमर दिला आणि पत्र्याच्या सांध्यांत सीलर भरला. हेरल्डची पेट्रोलची टाकी डिकीतच, डाव्या अंगाला असते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार सोडवली, झाकण उघडं ठेवलं, आणि ठिणगी पडेल असं कुठलंही यंत्र डिकीच्या आसपास आणलं नाही.

मग माप. टेप लावून लांबी-रुंदी लिहून घेतली असती तर फळी नक्की चुकली असती. एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला चाकाच्या कमानीचा फुगवटा, आणि पन्नास वर्षांत कुणीकुणी ठोकूनठाकून सरळ केलेला पत्रा. माझ्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूंत सहा मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणून जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आत ठेवले, मधे एकमेकांवर चढवले आणि जागेवरच चिकटपट्टीने जोडले. कडेची वळणं उतरवायला साधा वॉशर वापरला. वॉशरच्या भोकात पेन्सिलचं टोक धरायचं आणि वॉशर पत्र्याला टेकवून कडेकडेने फिरवायचा. पत्रा जसा वळतो तशीच रेघ पुठ्ठ्यावर उमटते, सगळीकडे सारख्याच अंतरावर. पुठ्ठ्याचे तीन नमुने वाया गेले तेव्हा चौथा बसला.

तो बसला म्हणून लगेच लाकडाला हात लावला नाही. पुठ्ठा वाकतो, लाकूड वाकत नाही. तोच आकार पातळ हार्डबोर्डात कापून आतबाहेर करून पाहिला, तर पुढची कड आत गेली की मागचा उजवा कोपरा कमानीला अडायचा. कोपरा थोडा गोल केला आणि फळी तिरकी करून उतरवायची वाट सापडली. वस्तू जिथे राहणार ती जागा सगळेच मोजतात. ती तिथवर ज्या वाटेने जाणार, ती वाटही मोजावी लागते.

लाकूड नऊ मिलिमीटरचा मरीन प्लाय. त्याचा डिंक पाण्याने सुटत नाही, पण कापलेली कड मात्र पाणी पितेच. इथे हिशेब आला. फेल्टचा गालिचा चार मिलिमीटर जाड, तो कडेवरून वळवून खाली घ्यायचा, म्हणजे दोन बाजूंचे मिळून आठ. शिवाय दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर मोकळी फट. म्हणजे फळी जागेपेक्षा बारा मिलिमीटर अरुंद. नुसतं लाकूड आत ठेवलं तेव्हा ते इतकं सैल वाटलं की माप चुकलं या भीतीने मी पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं.

रेघेवर कागदी टेप लावून बारीक दातांच्या जिगसॉने कापलं, म्हणजे वरचा पापुद्रा निघत नाही. कानशीने आणि पॉलिश पेपरने कडा गोल केल्या. दोन्ही अंगांना आणि कडांना पातळ एपॉक्सीचे तीन हात दिले. कडांनी पहिला हात कुठे शोषून घेतला ते कळलंही नाही. फळी घसरू नये म्हणून तिच्या खाली दोन लाकडी पट्ट्या अशा बसवल्या, की त्या स्टेपनीच्या खळग्याच्या काठाला आतून टेकतील. पत्र्याला एकही नवं भोक पाडलं नाही. नव्या भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथूनच चालायला लागतो. पत्रा आणि फळी यांच्यामध्ये बंद छिद्रांच्या रबराची पट्टी लावली. स्पंज स्वस्त मिळतो, पण तो पाणी धरून ठेवतो, आणि पाण्यानेच तर जुनी फळी खाल्ली होती.

तरी फळी मधोमध डुगडुगत होती. दोष स्टेपनीचा निघाला. रस्त्यावरच्या चारही चाकांना १४५ चे टायर, पण आधीच्या मालकाने स्टेपनीला १५५ चा चढवला होता. तेवढ्या जास्तीच्या रुंदीने आडवं चाक खळग्यातून वर डोकावत होतं. जुनी फळी मधे का फुगली होती, तेही तेव्हा उमगलं. टायर बदलला आणि फळी शांत बसली.

‘स्टेपनी’ हा शब्द इथल्या शेजाऱ्यांना कळत नाही. खरं तर तो याच देशातला. वेल्समधल्या लनेथली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक बनवलं आणि रस्त्याचं नाव त्या चाकाला मिळालं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर काढून दुरुस्त करावा लागे. इथे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे तो प्रत्येक गॅरेजमध्ये रुळला.

गालिचा चिकटवताना गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट पाहायची. घाई केली की सुरकुती कायमची राहते. शेवटी मागच्या कडेजवळ एक चीर पाडून जाड नाडीचा पट्टा ओवला आणि खाली पक्का केला. आडवा असला की तो गालिच्यात मिसळून जातो. ओढला की मुठीत मावतो. खालच्या अंगाला, एपॉक्सीवर, बाण काढून लिहिलं: ‘पुढची बाजू. मागून उचला.’ मराठीत आणि इंग्रजीत. गाडी माझ्यानंतरही कुणाकडे तरी जाणार आहे.

त्या रात्री पाऊस होता. मुद्दाम दिवा न लावता, हातात ओले मोजे घालून बाहेर गेलो. डिकीतली पिशवी सरकवली, पट्टा चाचपला, ओढला. फळी तिरकी होऊन वर आली आणि खाली टायरचा थंड, खरबरीत काठ हाताला लागला.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याला ऐकू कमी येतं. प्लाय, गालिचा, रबर असं सगळं मोठ्याने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “स्क्रू किती मारलेस?”

“एकही नाही, मामा.”

“मग झालं,” तो म्हणाला.