कापसातील ओलाव्याचे अखंड मापन

अकोला व अमरावती या जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांत कापसापासून रुई व सरकी वेगळी केली जाते. या क्रियेचे यश यंत्राच्या वेगाइतकेच कापसातील ओलाव्यावर अवलंबून असते. तो ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास असल्यास रुई सुरळीत सुटते. फार कमी झाल्यास तंतू तुटतात व त्यांवर स्थिर विद्युतभार साचतो. फार वाढल्यास रुईत गाठी पडतात आणि यंत्र तुंबते.

हंगामभर हा ओलावा एकसारखा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास सकाळी वेचलेल्या कापसात दवाचा अंश असतो. फाल्गुन-चैत्रात येणारा कापूस अगदी कोरडा असतो. एकाच गाडीतील वरचा व तळचा कापूसही सारखा नसतो. तरीही हातमापकाने थोड्या जागी केलेल्या तपासणीवरून साऱ्या गाडीविषयी निर्णय होतो.

या निर्णयात शेतकऱ्याचे हित गुंतलेले आहे. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानते व १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करून कापूस स्वीकारते. १०० किलो कापसात १२ टक्के पाणी असल्यास कोरडा भाग ८८ किलो उरतो. ८ टक्क्यांच्या हिशेबाने त्याचे वजन सुमारे ९५.७ किलो होते. मापनात चूक झाल्यास एवढ्या फरकाचा भार भलत्याच पक्षावर पडतो.

अखंड मापनात यंत्राकडे जाणारा कापूस वाटेतच तपासला जातो. ओलावा वाढला की कापसाचा विद्युतरोध झपाट्याने घटतो. या गुणावर मापक चालतो. मापक जिनच्या आधी बसविल्यास ओल्या कापसाला उष्ण हवा व कोरड्याला बाष्प वेळेवर देता येते. जिननंतर बसविलेला मापक परिणाम दाखवितो. परंतु तोवर सदोष माल पुढे गेलेला असतो. यास्तव दोन्ही जागी मापन इष्ट होय. लोहखनिजाच्या सिंटर कारखान्यांतही मिश्रणातील पाणी याच हेतूने पट्ट्यावर मोजले जाते. ते बिघडल्यास थरातून हवा नीट खेचली जात नाही.

मात्र विद्युतरोध हे ओलाव्याचे केवळ चिन्ह होय. कापसावरील दाब व तापमान यांनीही तो बदलतो. म्हणून भट्टीत वाळविलेल्या नमुन्याच्या वजनाशी मापक वेळोवेळी पडताळला पाहिजे. अशा पडताळणीवाचून अखंड मापन म्हणजे एकाच चुकीची अखंड पुनरावृत्ती ठरेल.