मद्यपान आणि कर्करोग

‘थोडेंसें घेतल्यानें काय बिघडतें?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतून हल्लीं उघडपणें विचारला जातो. मद्यानें संसार धुळीस मिळतात, यकृत निकामी होतें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तंबाखूचें नांव निघतांच जसा कर्करोग आठवतो, तसा मद्याचा पेला पाहून आठवत नाहीं. वस्तुतः तोहि आठवावयास हवा.

फ्रान्समधील लिआँ येथें जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. तिनें १९८८ सालीं मद्यांचा समावेश पहिल्या वर्गांत केला. ज्या पदार्थांमुळें मनुष्यास कर्करोग होतो हें पुरेशा पुराव्यानें सिद्ध झालें आहे, त्यांचा हा वर्ग होय. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हीं त्याच पंक्तींत बसतात. मात्र हा वर्ग पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचें माप सांगत नाहीं. मद्याचा एक घोट व एक विडी सारख्याच घातक, असा त्याचा अर्थ नव्हे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठें आंतडें व गुदाशय, आणि स्त्रियांचे स्तन, या ठिकाणच्या कर्करोगाशीं मद्याचा संबंध प्रस्थापित झाला आहे.

हें घडतें कसें? पोटांत गेलेल्या मद्यार्काचें शरीर प्रथम ॲसिटाल्डिहाइड नामक द्रव्यांत रूपांतर करतें, आणि मग त्याचें निरुपद्रवी ॲसिटेट बनवितें. मधल्या अवस्थेंतील हें द्रव्य विषारी असून पेशींतील आनुवंशिक द्रव्यास चिकटून त्याची मोडतोड करतें. दुरुस्ती चुकली, कीं त्या पेशींतून पुढें अनिर्बंध वाढीचा उगम होऊं शकतो. मुखांतील जंतूहि हेंच द्रव्य तयार करतात; म्हणून तोंड व घसा यांस मद्याचा प्रत्यक्ष उपसर्ग पोंचतो. यकृतास वारंवार इजा होऊन तें घट्ट व व्रणमय झालें, म्हणजे तेथें कर्करोगास वाव मिळतो. स्त्रियांच्या शरीरांत मद्यानें इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचें प्रमाण वाढतें, आणि स्तनांच्या कर्करोगास तें पोषक ठरतें.

मद्याच्या जातीनें यांत फरक पडत नाहीं. व्हिस्की असो, काजूची फेणी असो कीं द्राक्षांची वाइन असो, अपाय करणारा मद्यार्क एकच. शेंकडा ४२.८ मद्यार्काच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर मापांत तो सुमारें १० ग्रॅम असतो; शेंकडा ५ मद्यार्काच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलींत सुमारें २६ ग्रॅम. तेव्हां ‘बिअर ती सौम्यच’ ही समजूत गणितास उतरत नाहीं.

रोज १० ग्रॅम मद्यार्क घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचा धोका शेंकडा सुमारें ७ नें वाढतो, असें आढळलें आहे. याचा अर्थ शंभरांतील सात जणींना तो होतो, असा नव्हे. समजा, न पिणाऱ्या हजार स्त्रियांपैकीं आयुष्यांत १०० जणींना हा रोग व्हावयाचा असेल, तर तितकें मद्य घेणाऱ्या हजारांत तो सुमारें १०७ जणींना होईल. एका व्यक्तीपुरती ही वाढ अल्प दिसते; परंतु २०२० सालीं जगांतील सुमारें ७ लक्ष ४१ हजार नवे कर्करोग, म्हणजे एकूणांतील शेंकडा ४ हून थोडे अधिक, मद्यामुळें झाले असा अंदाज आहे.

मद्याच्या जोडीस तंबाखू आली, कीं तोंड व अन्ननलिका यांच्या बाबतींत बेरीज न होतां जवळजवळ गुणाकार होतो. चुना-तंबाखू चोळण्याची संवय घरोघर रुळलेल्या महाराष्ट्रांत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

‘आमचे आजोबा रोज पीत, आणि ऐंशीं वर्षें जगले,’ असें कोणी सांगेल. पुरांत नदी ओलांडून कांहीं जण पैलतीरास पोंचतात. तेवढ्यानें पूर निर्धोक ठरत नाहीं. जिच्याखालीं धोका मुळींच नाहीं अशी मद्याची मर्यादा दाखवितां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट केलें.

यांत दिलासा देणारी बाजूहि आहे. मद्य कमी केल्यानें वा सोडल्यानें तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका उतरतो, असा निर्वाळा त्याच लिआँच्या संस्थेनें २०२३ सालीं दिला. ज्यांस दीर्घकाळ अतिपानाची संवय आहे, त्यांनीं मात्र एकाएकीं न सोडतां वैद्यकीय सल्ल्यानेंच सोडावें. जे पीत नाहींत, त्यांनीं प्रकृतीच्या लाभासाठीं आरंभ करण्याचें कारण नाहीं; आणि जे पितात, त्यांनीं जितकें कमी करावें तितकें हिताचें.