हिरडा, काजळी, लिंबू : घरच्या घरी शाई, चेकवर सही करताना मात्र पेन आपलेच हवे

इंदुरी (ता. मावळ) : बोअरच्या पाण्याचा चहा कधीकधी काळपट होतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात लोह जास्त असले की असे होते. चहा पावडरीतले तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. गंमत म्हणजे शेकडो वर्षे जगभर ज्या शाईने कागद लिहिले गेले, त्यातली एक शाई याच रीतीने बनत होती.

आपल्याकडे या शाईसाठी हिरडा उत्तम. मावळ, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात हिरड्याची झाडे आहेत, लोक गोळा करून विकतातही. चार-पाच हिरडे फोडून रात्रभर पेलाभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी पाणी निम्मे होईपर्यंत उकळून फडक्यातून गाळायचे. त्यात अर्धा चमचा हिराकस टाकायचा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, पिकावर पिवळेपणा आला की कृषी सेवा केंद्रातून आणतो तेच. ते नसेल तर गंजलेले खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी वापरले तरी चालते. शेवटी थोडा बाभळीचा डिंक विरघळवायचा. लिहिताना अक्षर जरा फिके दिसते, हवा लागली की काळे होत जाते. भांडे स्वयंपाकाचे घेऊ नये आणि कपडे सांभाळावेत, हा डाग जात नाही. या शाईत एक खोट आहे. ती आंबट असते, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी कागद खाते.

कागद न खाणारी शाई काजळीची. गोड्या तेलाचा दिवा लावून त्यावर वाटी उपडी धरायची, जमलेली काजळी खरवडून घ्यायची. एक चमचा काजळीला अर्धा चमचा डिंकाची पूड, थोडे थोडे पाणी आणि खलात भरपूर घोटणे. इथे घाई केली की शाई बिघडली. काजळी पाण्यात सहज मिसळत नाही, डिंकच तिला धरून ठेवतो. ही शाई फाउंटन पेनात भरू नये, पेन चोंदते. बोरू तिरका छाटून, टोकाला चीर देऊन त्यानेच लिहावे. उन्हाने हा काळा रंग उडत नाही, म्हणून पेटीतले जुने मोडी कागद आजही वाचता येतात. पाणी मात्र त्यांचा शत्रू आहे, डिंक सुटला की अक्षर पसरते.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर लिहिला आहे. इंदुरीशेजारच्या सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी उतरवून ठेवले, ते मूळचे चाकणचे आणि धंद्याने तेली. घाण्याच्या घरी दिव्याला आणि काजळीला काय तोटा! पुढे बाजारात तयार शाई आली. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पावडर आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, तीच पुढे कॅम्लिन कंपनी झाली.

आता मुलांचा आवडता भाग, न दिसणारी शाई. लिंबाचा रस, दूध किंवा कांद्याचा रस काडीने कागदावर लावायचा आणि वाळू द्यायचा. कागद कोरा दिसतो. वरून गरम इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरे उमटतात, कारण रस लागलेली जागा बाकीच्या कागदाआधी करपते. इस्त्री मोठ्यांनीच धरावी. पूर्वी हे काम पिवळ्या बल्बवर व्हायचे, आताच्या एलईडीला तेवढी ऊबच नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कार्ल म्यूलर नावाचा जर्मन हेर लिंबाच्या रसाने गुप्त मजकूर लिहीत होता. १९१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या, खटल्यात लिंबूच पुरावा ठरले.

दुसरा प्रकार हळदीचा. खायच्या सोड्याच्या पाण्याने लिहून वाळवायचे आणि वरून हळदीचे पाणी फिरवायचे. कागद पिवळा, अक्षरे लालसर. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच हे. तळहाताला चुना लावून हळदीचे कुंकू ‘करणारे’ आणि कोऱ्या कागदावर देवाचा कौल ‘उमटवणारे’ भोंदू याच्यावरच पोट भरतात. चमत्कार दाखवून फसवणे, पैसे उकळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पण आजची खरी फसवणूक वेगळ्या शाईची आहे. लिंबाची अक्षरे उष्णतेने येतात, बाजारातल्या काही खोडता येणाऱ्या पेनांची अक्षरे उष्णतेने जातात. साधारण साठ अंशांच्या आसपास ही शाई रंगहीन होते. पेनामागच्या रबराने घासले तरी घर्षणाच्या उष्णतेने तेच घडते. पेन मुलांच्या वहीसाठी चांगले, व्यवहाराला घातक. कर्ज मिळवून देतो म्हणणारा माणूस चेकवर नाव आणि रक्कम आपल्या पेनने लिहितो, सही तुमच्या पेनने करून घेतो. नंतर मजकूर उडतो, सही राहते, आणि त्या चेकवर हवी ती रक्कम चढते. जमिनीच्या विसार पावतीलाही हाच धोका. मावळात जमिनीचे भाव पाहता हा धोका लहान नाही.

म्हणून चेक, पावती, करारनामा पूर्ण स्वतःच्या बॉलपेनने भरावा. समोरच्याने पेन पुढे केले आणि शंका आली, तर रद्दी कागदावर रेघ मारून त्यावर गरम इस्त्री ठेवून पाहावी. सही केली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. चेक देऊन बसला असाल तर आधी बँकेत जाऊन पेमेंट थांबवायला लेखी द्यावे, मग पोलीस ठाणे.

आपल्याकडच्या पावतीवरचा मजकूर असा उडाला असेल तर कागद फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही तास डीप फ्रीजरमध्ये ठेवा. शून्याखाली बरेच गार झाले की ही शाई बऱ्याचदा परत दिसू लागते, तेव्हा लगेच फोटो घ्या. आणि असा कागद लॅमिनेशनला अजिबात देऊ नका, त्या मशीनच्या उष्णतेने उरलेसुरलेही जाते. एटीएमच्या स्लिपचे उलटे होते, लॅमिनेशन केले की ती पूर्ण काळी पडते. तिची झेरॉक्सच काढून ठेवावी.