सिम्फनी आयात करावी लागते

अजय-अतुल या गोगावले बंधूंनी ‘सैराट’चे (२०१६) संगीत हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत तेथील सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला. तो अनाठायी नाही. ज्यांची गाणी लालबाग-परळच्या मिरवणुकांत बँजो पार्ट्या वाजवितात, त्यांच्या सुरावटी पुढ्यात मांडून परदेशी व्हायोलिनवादक बसावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकास निराळाच प्रश्न पडतो. ही सेवा आयात का करावी लागावी? मुंबईत असे वादक नव्हते काय? होते. गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या अशा वादकांनीच हिंदी चित्रपटसंगीताला भरघोसपणा दिला. पुढे सिंथेसायझर आला आणि निर्मात्याची पन्नास माणसांची मजुरी वाचली. (गिरणगावाला हे गणित समजावून सांगावयास नको!) ज्या विद्येवर चूल पेटत नाही, ती बाप मुलाला शिकवीत नाही. २००६ साली नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.ने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापिला, तेव्हा त्यासाठीही पुष्कळ वादक परदेशातून आणावे लागले.