पाड्यावरचा आकडा: जव्हार-मोखाड्यात अभ्यासाला जाण्याआधी

संशोधनाचा पहिला प्रस्ताव लिहिताना बरेच विद्यार्थी ‘दुर्गम आदिवासी भाग’ असा शब्दप्रयोग करतात आणि पुढे जव्हार किंवा मोखाडा लिहून मोकळे होतात. निवड समजण्यासारखी आहे. मुंबई, ठाणे, नाशिक तिन्हीकडून जाता येतं आणि कुपोषणाच्या बातम्यांमुळे ही दोन नावं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण मार्गदर्शकांनी ‘दुर्गम म्हणजे नेमकं काय? ते मोजणार कसं?’ असं विचारलं की गाडी अडते. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे. इथलं जगणं समजून घेतल्याशिवाय इथला आकडा समजत नाही, हे मला सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ

जव्हार हे मुकणे घराण्याचं कोळी संस्थान. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, पुढे ठाणे जिल्ह्यात राहिलं आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्यावर जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्यात आले. 2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 40 हजार आणि मोखाड्याची सुमारे 83 हजार होती. दोन्हीकडे अनुसूचित जमातींचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी हे इथले मुख्य समाज. ‘आदिवासी’ असा एकच रकाना केला तर पहिली चूक तिथेच होते. कोकणा किंवा महादेव कोळी कुटुंबाकडे थोडी तरी भातजमीन असण्याची शक्यता जास्त, तर कातकरी कुटुंबाकडे घराखालची जागासुद्धा स्वतःच्या नावावर नसू शकते. सरकारी वर्गवारीतही कातकरी ‘विशेष असुरक्षित जमात’ म्हणून वेगळे मोजले जातात.

आता जिल्ह्याच्या सरासरीचं बघा. 2011 च्या आकड्यांनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 29 लाख 90 हजार. त्यातले 12 लाखांहून जास्त लोक एकट्या वसई-विरार शहरात. जव्हार आणि मोखाडा मिळून 2 लाख 23 हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात सात-आठ माणसं. जिल्ह्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात एक हजार घरं निवडली, तर या दोन तालुक्यांतली जेमतेम 75 येतील. मग जिल्ह्याचा टक्का वाचून मोखाड्याबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे विरारच्या फ्लॅटमधलं वजन पाड्यावरच्या बाळाला लावणं.

काळाची तुलनाही जपून करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी 2015-16 ची. त्यात जिल्हे 2011 च्या जनगणनेचे धरले होते, त्यामुळे पालघर वेगळा नव्हता, ठाण्यात होता. पाचव्या फेरीत (2019-21) तो वेगळा आला. दोन फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ किंवा ‘घसरण झाली’ म्हणणारा तक्ता कुणी दाखवला, तर आधी नकाशा मागा.

गाव कागदावर, माणसं पाड्यावर

जनगणनेचं एकक आहे महसुली गाव. इथे जगण्याचं एकक आहे पाडा. एका महसुली गावात पाच-सात पाडे असतात, कधी त्याहून जास्त. मधे डोंगराची सोंड, ओहोळ, नाहीतर जंगल. ग्रामपंचायत, शाळा, दुकान, डांबरी रस्ता बहुतेक वेळा मुख्य पाड्याला. त्यामुळे सरकारी यादीत ‘गावाला रस्ता आहे: होय’ असं असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त तो रस्ता टोकाच्या पाड्यापासून दोन डोंगर अलीकडे संपलेला असतो.

याचा परिणाम जीवावर बेततो. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आईची जुळी बाळं जन्मल्यावर दगावली. तिची तब्येत बिघडली तेव्हा रस्ता नसल्यामुळे घरच्यांनी तिला झोळीत घालून पायी उतरवलं. बातमी राज्यभर गाजली. झोळी करायला लागतो एक बांबू, एक चादर आणि खांदा द्यायला आळीपाळीने पाच-सहा माणसं. पावसाळ्यात वाट निसरडी, ओहोळ भरलेला. मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, पण गुंतागुंत झाली की पुढे नाशिक किंवा ठाणे. म्हणून ‘रुग्णालयापासून अंतर: 18 किलोमीटर’ असा रकाना इथे अपुरा आहे. मी सुचवेन की चार गोष्टी वेगळ्या विचारा: गाडी लागते तिथपर्यंत चालायला किती वेळ, तोच वेळ जुलैत किती, रात्री गाडी मिळते का, आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते. ‘दुर्गम’ हा शब्द मोजता येतो तो असा.

कायद्यानेही पाड्याला जागा दिली आहे. हा पाचव्या अनुसूचीतला भाग. 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम यांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते. तुम्ही ज्या पाड्यावर जाणार तिथे अशी ग्रामसभा आहे का, हे आधी विचारा. असेल तर परवानगी तिच्याकडून घ्यायची.

वर्ष कसं फिरतं

हा भाग नीट वाचा, कारण सर्वेक्षणाचा महिना ठरवताना तुम्हाला याचाच उपयोग होणार आहे.

*एप्रिल-मे:* राब भाजायचे दिवस. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजतात आणि पाऊस पडला की तिथेच रोपं करतात. घरातलं धान्य कमी होत आलेलं असतं. पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं.

*जून-जुलै:* पेरा, मग भाताची आवणी. सखल तुकड्यात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, जोडीला उडीद, तूर, खुरासणी. बाई दिवसभर चिखलात. तान्हं मूल थोरल्या बहिणीकडे, आणि ती स्वतः सात-आठ वर्षांची. याच दिवसांत जुलाब, ताप.

*ऑगस्ट-सप्टेंबर:* कामाचा जोर ओसरलेला, पण पीक अजून शेतात. रेशन, उधारी आणि रान यांवर घर चालतं. शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या जूनपासून एकामागून एक येत असतात, ओहोळात खेकडे आणि मासे मिळतात. ‘काय खाता?’ असं नुसतं विचारलं तर ‘भाकर-भाजी’ एवढंच उत्तर येईल. काल सकाळपासून काय-काय, कोणी आणि आधी कोणी खाल्लं, असं विचारलं तर ताट दिसायला लागतं.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* कापणी, झोडणी. घरात धान्य. वर्षातले बरे दिवस हेच. याच दिवसांत मुकादम फिरतो आणि बयाणा देतो. बयाणा म्हणजे हंगामाआधी दिलेली उचल. ती लग्नात, आजारपणात, घराच्या डागडुजीत खर्च होते आणि पुढचे सहा महिने कुटुंब ती कामातून फेडतं.

*डिसेंबर ते मे:* स्थलांतर. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामं, नाशिककडची शेती. नवरा-बायको जोडीने जातात, लहान मुलं सोबत. मागे म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली पोरं. शिमग्याला मात्र जमेल तो प्रत्येक जण घरी येतो.

आता हे गणितात घालू. समजा, एका पाड्यावर सहा वर्षांखालची 60 मुलं आहेत आणि त्यांतली 12 कृश आहेत, म्हणजे 20 टक्के. 36 मुलं आई-बापांबरोबर भट्टीवर गेली आणि त्या 12 पैकी 10 त्यांच्यातच होती. तुम्ही फेब्रुवारीत गेलात. पाड्यावर उरलेली 24 मुलं मोजलीत, त्यांतली 2 कृश निघाली. तुमचा टक्का आला सुमारे 8. वजनकाटा बरोबर, नोंदी बरोबर, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. कारण ज्यांची परिस्थिती सगळ्यात वाईट तीच घरं बंद होती. संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. पाड्यावर तो दाराला लावलेल्या कडीच्या रूपात दिसतो. म्हणून बंद घरं सोडून पुढे जाऊ नका. त्यांची नोंद करा, कुटुंब कुठे गेलंय ते शेजाऱ्यांना विचारा.

हा फक्त प्रबंधाचा प्रश्न नाही. मूल भट्टीवर गेलं की ते इथल्या अंगणवाडीच्या वजनातून आणि आहारातून निसटतं, आणि तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव लागेलच असं नाही. गरज सगळ्यात जास्त असताना ते दोन्ही याद्यांच्या मधे पडतं.

पाऊस भरपूर, पाणी कुठे?

इथे पाऊस धो-धो पडतो आणि मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते. याचं कारण खडकात आहे. खाली बसाल्ट, म्हणजे काळा कातळ. त्यात पाणी राहतं ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. थर पातळ, उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेलं पाणी ओहोळातून नदीत निघून जातं. दिवाळीनंतर झरे बारीक होतात, मग विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीने पाणी भरावं लागतं.

आणि ते पाणी जातं कुठे? मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे इथे वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण आहे, 102 मीटर उंच. त्यातून मुंबईला रोज 45.5 कोटी लिटर पाणी मिळतं. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर आहे. त्या हिशेबाने जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या लोकांची गरज रोज साधारण 1 कोटी 23 लाख लिटर होते. म्हणजे धरणातून मुंबईला एका दिवसात जाणारं पाणी या दोन तालुक्यांना 37 दिवस पुरेल. पण हा आकडा घोषणेसारखा वापरू नका. धरणाचं पाणी दरीत आहे आणि पाडे वर पठारावर विखुरलेले. तिथे अडचण आहे ती उपसा, वीज, टाकी आणि देखभाल यांची. पाणी असूनही पोचत का नाही, हा चांगला संशोधन प्रश्न आहे. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी ठाणे-पालघरच्या टँकरग्रस्त गावांवर अशा प्रकारचं काम केलं आहे. ते जरूर बघा.

मोजमाप आणि शिक्का

1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून ‘कुपोषण’ हा शब्द या भागाला चिकटला. अभ्यासकाने तो शब्द फोडून वापरावा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 मधे असेल तर मध्यम. हे मोजमाप सहा महिने ते पाच वर्षं वयासाठी आहे. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल कृश, वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजं. कृशपणा अलीकडची उपासमार किंवा आजार दाखवतो, खुजेपण वर्षानुवर्षांची. पहिला ऋतूबरोबर हलतो, दुसरं सहसा हलत नाही. आणि खुजेपण काढायला वय अचूक लागतं. जन्मतारीख कार्डावर नसेल तर ‘शिमग्याच्या आधी की नंतर, आवणी चालू होती का’ असं विचारत महिन्यापर्यंत पोचता येतं.

दूरचं एक उदाहरण देतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे लोकांमध्ये कुरू नावाचा जीवघेणा आजार होता. 1957 पासून वैज्ञानिक त्याचा अभ्यास करत होते आणि सुरुवातीला तो आनुवंशिक असावा असं वाटत होतं. 1961 ते 1963 मध्ये शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास तिथे राहिले, त्यांनी वंशावळी लिहिल्या, कोण कधी आजारी पडलं ते विचारलं. लोकांच्या आठवणीनुसार आजार फार जुना नव्हता, आणि तो बायका-मुलांना जास्त होत होता. अंत्यविधीत मृताचं शरीर खाण्याच्या प्रथेशी, त्यात कोण काय खातं याच्याशी, धागा जुळला. पुढे प्रयोगशाळेत आजार संक्रमित होतो हे सिद्ध झालं आणि कार्लटन गायडुसेक यांना 1976 चं नोबेल मिळालं. लोकांनी ‘हे आमच्या आज्याच्या वेळी नव्हतं’ म्हटलं तेव्हा ते कुणीतरी लिहून घेतलं होतं. याला दुसरी बाजूही आहे. जगाने त्या समाजाला एका भयंकर शब्दाने ओळखायला सुरुवात केली. तुमच्या प्रबंधातला शब्दही पाड्याच्या नावाला असाच चिकटू शकतो. म्हणून पाड्याचं नाव छापायचं की नाही, हा निर्णय लोकांना विचारून घ्या.

निघण्याआधी

- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि ग्रामसभेची परवानगी, दोन्ही लागतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.
- किमान दोन फेऱ्या ठेवा: एक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, एक कापणीनंतर पण स्थलांतराआधी.
- आवणीच्या दिवसांत दुपारी मुलाखत मागू नका. संध्याकाळी जा, आणि लहान प्रश्नावली न्या.
- आशाताई आणि अंगणवाडीताईंना पाडा पाठ असतो. त्यांच्या वेळेचा मोबदला तुमच्या खर्चाच्या अंदाजात लिहा.
- लोक तुम्हाला ‘साहेब’, ‘मॅडम’ म्हणतील आणि योजनेचं माणूस समजतील. तुम्ही काय देऊ शकत नाही, हे संमती घेतानाच सांगा.
- मोजताना तीव्र कुपोषित मूल सापडलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे आधी लिहून ठेवा. त्या क्षणी ते मूल तुमच्या तक्त्यातली ओळ नसतं.
- निष्कर्ष परत नेऊन सांगा. प्रबंध इंग्रजीत असला तरी दोन पानं मराठीत लिहा आणि ग्रामसभेत वाचा. कुणीतरी उठून ‘हे असं नाही’ म्हणेल. तेही लिहून घ्या.