काडतुसाची अचूकता आणि डायची निवड : रायफल नेमबाजीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : रायफलीचे काडतूस पुन्हा भरताना वापरल्या जाणाऱ्या डायची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ज्या काडतुसाला डाय लागूच पडत नाही, अशा .२२ रिमफायर काडतुसाच्या बाबतीत तेच तत्त्व कसे लागू होते आणि महाविद्यालयीन नेमबाजीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हेही येथे मांडले आहे.

बीजशब्द : काडतूस, पुंगळी, डाय, रिमफायर, नेमबाजी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची समृद्ध परंपरा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. अशा यशाची चर्चा करताना एकाग्रता, श्वासनियंत्रण आणि सराव यांवर भर दिला जातो व तो योग्यच आहे. मात्र ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. एवढ्या सूक्ष्म मापात काडतुसाचा वाटा दुर्लक्षून चालत नाही.

२. डायचे कार्य

सेंटरफायर काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळी फुगते व चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब ओसरल्यावर ती किंचित आकसते. परंतु मूळ मापावर परत येत नाही. ती पुन्हा वापरावयाची झाल्यास पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागते. हा साचा म्हणजे डाय होय.

डायचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) पूर्ण मापाचा डाय : हा पुंगळीचे धड, खांदा आणि मान या तिन्हींना मापात आणतो. असे काडतूस रायफलीत सहज बसते. मात्र खांदा गरजेपेक्षा अधिक मागे ढकलला गेल्यास प्रत्येक बाराला पुंगळी तळाजवळ ताणली जाते, तेथे पातळ होते आणि शेवटी तुटते. म्हणून बोल्ट रायफलीसाठी खांदा सुमारे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर एवढाच मागे घेण्याचा प्रघात आहे.

(आ) मानेचा डाय : हा फक्त मान आवळतो. धडाला त्या विशिष्ट चेंबरचा आकार राहतो. परंतु काही बारांनंतर पुंगळी चेंबरमध्ये अडकू लागते आणि पूर्ण मापाच्या डायकडे वळावे लागते. शिवाय असे काडतूस दुसऱ्या रायफलीत बसेलच असे नाही.

(इ) बुशिंग डाय : यात मानेसाठी बदलता येणारी कडी असते. त्यामुळे मान नेमकी हवी तेवढीच आवळता येते. पितळ वारंवार आवळले व फुगविले गेले की कठीण होते आणि मानेला तडे जातात. बुशिंगमुळे हा ताण कमी होतो.

(ई) गोळी बसविण्याचा डाय : गोळीचा अक्ष पुंगळीच्या अक्षाशी जुळविणे आणि प्रत्येक गोळी समान खोलीवर बसविणे हे याचे काम. अचूकतेच्या दृष्टीने याचे महत्त्व पहिल्या तिघांपेक्षा कमी नाही.

यावरून असे दिसते की, सर्वोत्तम असा एकच डाय नसतो. विशिष्ट चेंबरला साजेशी आणि परस्परांशी समान अशी काडतुसे जो देईल, तो डाय योग्य ठरतो. अनुरूपता आणि एकसारखेपणा हे निवडीचे दोन निकष होत.

३. रिमफायरचा अपवाद

१९७२ नंतर ३०० मीटर रायफल स्पर्धा ऑलिंपिकमध्ये राहिली नाही. आज तेथे .२२ रिमफायर रायफल आणि एअर रायफल यांच्याच स्पर्धा होतात. रिमफायर काडतुसात प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते व फायरिंग पिन तो काठ चेपते. एकदा चेपलेला काठ पुन्हा वापरता येत नाही. म्हणून येथे डायचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यासही मनाई आहे.

मग नेमबाज काय करतो? तो काडतूस घडवीत नाही, निवडतो. रायफल पक्की आवळून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडली जातात आणि ज्या लॉटचे छिद्रसमूह सर्वांत आटोपशीर येतात, तो लॉट त्या रायफलीसाठी राखला जातो. एकाच कारखान्याचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागू शकतात.

याचे कारण साध्या गणिताने कळते. गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटर मानल्यास हवेचा रोध वगळता ५० मीटर अंतरात ती सुमारे ११.६ सेंटिमीटर खाली येते. वेग ३३५ मीटर असल्यास ती सुमारे १०.९ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे वेगातील तीन टक्के फरकाने छिद्र सुमारे ७ मिलिमीटर सरकते. १०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात हा फरक गुण हिरावून घेण्यास पुरेसा आहे.

४. महाविद्यालयीन संदर्भ

राष्ट्रीय छात्र सेनेत छात्रांना .२२ रायफलीवरच नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण मिळते. वैरागसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या हाती रायफल वर्षातून मोजक्याच वेळा येते आणि त्या मोजक्या गोळ्यांवरून त्याची निवड अथवा नावड ठरते. दोन छात्रांनी भिन्न रायफली व भिन्न लॉट वापरले असतील, तर गुणांतील फरक हाताचा की काडतुसाचा, हे सांगता येत नाही. चांगला नेमबाज अशा वेळी निष्कारण मागे पडू शकतो.

यासाठी तीन गोष्टी सहज करता येतील : गुणपत्रकावर रायफलीचा क्रमांक व काडतुसाचा लॉट क्रमांक नोंदविणे, निवडीच्या वेळी सर्वांना एकच लॉट देणे, आणि एकूण गुणांबरोबरच छिद्रसमूहाचा आकार पाहणे. छिद्रे एकत्र पण केंद्रापासून दूर असतील, तर दोष बहुधा साइटच्या जुळणीत असतो व तो दुरुस्त होऊ शकतो.

५. निष्कर्ष

डाय असो वा लॉट, दोन्हींमागील तत्त्व एकच आहे : काडतूस त्या रायफलीस अनुरूप आणि प्रत्येक वेळी सारखे असावे. साधनातील हा फरक आधी दूर केला, तरच विद्यार्थ्याच्या कौशल्याचे मूल्यमापन न्याय्य ठरेल.